भिडे वाड्याचे शेजारी

पुण्याच्या बुधवार पेठेत पत्ता सांगताना घरक्रमांक सहसा कोणी सांगत नाही. दगडूशेठ गणपतीसमोर, पासोड्या विठोबापाशी, आप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे, अशा खुणांवर तेथील व्यापार चालतो. भिडे वाडा ही अशीच एक खूण होती. ग्राहकाच्या लेखी ती रस्त्यालगतची दुकानांची ओळ. वरचे मजले पडझड होऊन ओस पडलेले, खाली मात्र रोज सकाळी शटर वर जात असे. शिक्षणाचा इतिहास वाचलेल्या माणसाच्या लेखी तीच वास्तू म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींसाठी काढलेली शाळा. एकाच जागेच्या या दोन नोंदी दीर्घकाळ निरनिराळ्या वह्यांत राहिल्या. महानगरपालिकेने ती जागा ताब्यात घेऊन तेथे शाळेचे स्मारक उभारण्याचे ठरविले, तेव्हा त्या वह्या समोरासमोर आल्या आणि ताळा काही जमेना.

या जागेविषयी शेजाऱ्यांची मते प्रकट होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८४८ मध्येही ती प्रकट झाली होती. कोणी विचारली नसताना शेजाऱ्यांनी ती आपण होऊन कळविली होती. पेशवाई संपून तेव्हा तीस वर्षे झाली होती. जोतीराव विशी नुकती ओलांडलेले, सावित्रीबाई तर सतरा वर्षांच्या. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा; त्यांनी शाळेला जागा दिली. शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत, असे सांगितले जाते. समाजाच्या दडपणामुळे गोविंदराव फुल्यांनी मुलाला व सुनेला १८४९ मध्ये घराबाहेर काढले आणि त्या दोघांना उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला. वाड्यातील ती पहिली शाळा काही महिन्यांतच थांबली. पुढे १८५१ च्या जुलैत याच पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा सुरू झाली, मागोमाग रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेतही झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला. चिखलापासून शालीपर्यंतचे हे अंतर पाच वर्षांच्या आतले. मात्र शाल देणारे सरकार होते आणि चिखल टाकणारे शेजारी होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्यानंतर वाडा पुन्हा वाडा झाला. मालकी बदलत गेली, भाडेकरू आले, तळमजल्यावर दुकाने थाटली गेली. बाजारपेठेतील जुन्या वास्तूचे जे व्हायचे तेच तिचेही झाले.

स्मारकाची मागणी आणि भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे वर्षानुवर्षे राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार देऊन जागा सोडण्यास एक महिन्याची मुदत दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी, पोलीस बंदोबस्तात वाडा उतरविण्यात आला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे स्मारकाची पायाभरणी झाली. वृत्तपत्रांतून हे सर्व वाचकांच्या नजरेखालून गेलेच असेल. पेठेत त्याविषयी जे बोलले गेले ते मात्र फारसे छापून आले नाही.

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर चादरी, सतरंज्या आणि टॉवेलांचे एक घाऊक दुकान आहे. दुकान तिसऱ्या पिढीचे. गादीवर बसणारे शेठजी सत्तरीच्या पुढचे. घरात त्यांना सर्वजण बाबूजी म्हणतात. वाड्यातील एका भाडेकरूशी त्यांचा जुना स्नेह. संध्याकाळचा चहा बहुधा एकत्र. न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी चहा आला, पण दोघांपैकी कोणी विशेष बोलले नाही. नंतरच्या महिन्यात स्नेह्याने माल हलविला, आणि बाबूजींनी आपल्या दुकानाच्या पायरीजवळ 'दुकान स्थलांतरित झाले आहे' असा त्याचा फलक टांगण्यास जागा दिली. तो फलक पाहून काही कार्यकर्त्यांनी भुवया उंचावल्या. बाबूजींना त्याचे सोयरसुतक नव्हते.

त्यांचे म्हणणे समजून घ्यायचे तर बाजारपेठेतील जागेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. जुन्या वाड्यातील दुकानाचे भाडे नाममात्र असते, आणि त्यावरून बाहेरच्या माणसाचा समज होतो की भाडेकरू फुकटात बसला आहे. वस्तुतः त्या जागेत शिरताना त्याने किंवा त्याच्या वडिलांनी पागडी मोजलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने या पागडीला मान्यता दिली. तत्पूर्वी सारा व्यवहार विश्वासावर आणि कुजबुजीवर चालत असे. एवढे असूनही पागडीची जागा गहाण ठेवून बँक सहजी कर्ज देत नाही. कॅश क्रेडिट मिळते ते दुकानातील मालाच्या तारणावर आणि माणसाच्या व्यवहाराच्या लौकिकावर. ताळेबंदात फर्निचर दिसते, माल दिसतो, येणे-देणे दिसते. कोपऱ्यावरच्या त्या ठिकाणाची किंमत दिसत नाही. स्वतः घडविलेला नावलौकिक हिशेबशास्त्र मालमत्ता म्हणून धरीत नाही. विकत घेतला तरच धरते. त्यामुळे गणपतीच्या दर्शनाला आलेला माणूस जाता जाता जे दुकान चढतो, त्या दुकानाचा सर्वांत मोलाचा भाग कोणत्याही कागदावर नसतो.

भूसंपादनात नेमका हाच भाग निसटतो. १८९४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात बाजारभावाएवढीच दिलासा रक्कम वर धरण्याची तरतूद आली, आणि उपजीविका बुडणाऱ्या भाडेकरूंचाही 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत समावेश झाला. ही सुधारणा मोठी आहे. तरीही मोबदला मोजला जातो तो जमिनीचा आणि बांधकामाचा. त्यात मालकाचा वाटा किती आणि भाडेकरूचा किती, हा वाद पुढे उरतोच. बाबूजी म्हणत, "शाळेला नाही कोण म्हणतो? पण स्मारक सगळ्या देशाचं आणि पैसे मोजायचे चार दुकानदारांनी, हा कुठला हिशेब?" या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. न्यायालयाने दिले ते उत्तरच होते. परंतु उत्तर मिळाले म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, आणि ज्यांनी त्या वर्षांत दुकानदारांना सरसकट स्त्रीशिक्षणाचे शत्रू ठरविले, त्यांनी इतिहासावर आणि बाजारावर, दोन्हींवर अन्याय केला.

आप्पा बळवंत चौकातील एका वयस्कर पुस्तकविक्रेत्याचे मत वेगळे होते. दरवर्षी जूनमध्ये पाठ्यपुस्तकांसाठी त्यांच्या दुकानापुढे रांग लागते. पूर्वी त्या रांगेत वडील आणि मुलगे असत, आता आया आणि मुली असतात, हे त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिले आहे. दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जन्मदिनी, लांबलांबून आलेल्या स्त्रिया मोडक्या वाड्यापुढे उभ्या राहून दुकानांच्या फलकांकडे पाहत वंदन करीत, हे दृश्य त्यांना खुपत असे. त्यांचे म्हणणे असे की दुकान हलविता येते, पत्ता हलविता येत नाही. बाबूजींना हे मान्य नव्हते; दुकानाचाही पत्ताच असतो, असे ते म्हणत. दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत होते. स्थानमाहात्म्य नावाची वस्तू खरी आहे यावर त्यांचे एकमत होते. ते कोणाच्या खात्यावर लिहायचे, एवढाच वाद होता.

वाडा उतरल्यावर वादाचे रूप पालटले. आता तेथे काय उभे राहणार, हा विषय पेठेत आला. पुतळे, चित्रे, माहितीचे फलक, असे काहीतरी, हा सर्वसाधारण अंदाज. पुतळ्यांना कोणाचा विरोध नव्हता. तथापि शाळेच्या जागी शाळाच व्हावी, मुलींचा आवाज तेथे रोज यावा, असेही बरेचजण म्हणू लागले. त्यांत वाड्यातून उठलेल्यांशी सहानुभूती असणारे अधिक होते, ही जरा नवलाची गोष्ट. बाबूजींच्या स्नेह्याने तर स्पष्टच सांगितले, की जागा गेली तर गेली, पण तेथे कुलूप लावलेली खोली आणि वर्षातून दोन हार एवढेच पाहायला मिळाले तर ते सहन होणार नाही. ज्याने किंमत मोजली त्याला वस्तू चालू स्थितीत हवी असते. व्यापाऱ्याचे हे मन स्मारकाच्या आराखड्यात कोणी विचारात घेतले असेल असे वाटत नाही, आणि घ्यायला हवे होते.

पण शाळा म्हणजे काय? जागा सुमारे सव्वातीनशे चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेतीन हजार चौरस फूट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली हवी, मुलांमुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान हवे. बाबूजींनी एका दुपारी जुन्या बिलाच्या पाठीवर हे गणित मांडले आणि मैदानापाशी येऊन थांबले. शिवाजी रस्त्यावर, तेही गणपतीसमोर, मैदान आणायचे कोठून? शिवाय पेठेत मुलींच्या शाळांची वाण नाही. लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा १८८४ पासून चालू आहे. बाबूजींची सून त्याच शाळेतून शिकलेली. नवी शाळा काढली तर तिथे येणार कोण, असे पुस्तकविक्रेत्यांनाही वाटू लागले होते.

याचे उत्तर दिले ते दर्शनाच्या वाटेवर हार आणि दूर्वा विकणाऱ्या एका बाईने. बाबूजींची सून दुकानाचे जीएसटीचे काम पाहते. मंगळवारी हार घेण्यासाठी थांबली असता बोलणे निघाले. मावशींनी हार बांधता बांधता मान मागच्या गल्ल्यांच्या दिशेने किंचित वळवली आणि म्हणाल्या, "वहिनी, तिकडच्या पोरी येतील की."

'तिकडच्या' म्हणजे कोठल्या, हे बुधवार पेठेत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही आणि कोणी उच्चारतही नाही. या पेठेची दुसरी ओळख अशी आहे, की येथल्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पत्ता सांगताना घरचे लोक 'लक्ष्मी रोडजवळ' असे सांगतात. त्या मागच्या गल्ल्यांतून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया राहतात आणि त्यांच्या मुलीही राहतात. स्मारकाविषयी पेठेत वर्षानुवर्षे चर्चा झाली. दुकानदार, पुस्तकविक्रेते, कार्यकर्ते, वकील, सर्वांची मते घेतली गेली. हे शेजारी मात्र कोणाच्या मोजणीत आले नाहीत. हार विकणाऱ्या बाईने त्यांना मोजले, कारण त्या मुली तिच्याकडून फुले नेतात, आणि एकीला ती पाढे म्हणून घेते.

सुनेने पुढे थोडी चौकशी केली. मुली दिवसा शाळेत जातात. नाव घालण्यात पूर्वीइतकी अडचण राहिलेली नाही, जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शाळांना ठाऊक झाले आहे. अडचण संध्याकाळची आहे. इतर मुले ज्या वेळी दप्तर उघडून बसतात, त्याच वेळी या मुलींना खोलीबाहेर पडावे लागते. काही संस्था रात्रीची पाळणाघरे चालवितात, पण तेथे मुख्यतः लहान मुले असतात. आठवी-नववीतील मुलगी दिवेलागणीपासून रात्रीपर्यंत कोठे बसणार? जिन्यात, ओट्यावर, कधी देवळाच्या कडेला. आणि ती नववी ओलांडते की नाही, हे बहुधा त्या तीन-चार तासांवर ठरते.

येथे मैदानाचा प्रश्न उरत नाही. अभ्यासिकेला मैदान लागत नाही. टेबले, दिवे, पुस्तके, एक स्वच्छतागृह आणि विश्वासाची एक बाई एवढे पुरते. साडेतीन हजार चौरस फुटांच्या जागेत एक मजला त्यासाठी दिला तर बाकीच्या मजल्यांवर पुतळे आणि चित्रे खुशाल राहावीत.

घरी हा विषय काढणे सोपे नव्हते. बाबूजींनी आधी ऐकून घेतले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची अडचण त्यांनी लपवली नाही. दुकानाच्या तोंडावर त्या मुलींची रोज ये-जा होणार, पुढे काय काय होईल, गिऱ्हाईक काय म्हणेल. हे बोलताना त्यांना स्वतःलाच ते कसे ऐकू येत आहे याची जाणीव असावी, कारण वाक्य अर्धेच सोडून त्यांनी चष्मा पुसला. सुनेने वाद घातला नाही. तिने एवढेच विचारले, "बाबूजी, १८४८ मध्ये आपलं दुकान तिथे असतं, तर आपण त्या बाईंना काय म्हटलं असतं?" बाबूजी म्हणाले की त्या वेळी आपले आजोबासुद्धा पुण्यात आले नव्हते. उत्तर टाळण्याचा हा व्यापारी मार्ग असला तरी त्या रात्री त्यांनी पुन्हा ते बिल मागवले आणि पाठीवर नवे गणित मांडले: किती खुर्च्या, किती दिवे, महिन्याचे वीजबिल, देखरेखीच्या बाईचा पगार.

पेठेत ही कल्पना सर्वांना रुचली असे म्हणता येणार नाही. एका दुकानदाराने स्पष्ट सांगितले, की सावित्रीबाईंचे नाव पवित्र आहे, त्याच्याशी 'ते' जोडू नका. यात खोल अज्ञान आहे. फसविल्या गेलेल्या गर्भवती विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्यांचा पत्ता सांगायला समाज लाजत होता अशा स्त्रियांना त्यांनी घर दिले, आणि त्यांतल्याच एकीचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. पावित्र्याची जी व्याख्या त्या दुकानदाराने केली ती सावित्रीबाईंची नव्हती. पुस्तकविक्रेत्यांनी मात्र लगेच होकार दिला आणि दरवर्षीच्या उरलेल्या पाठ्यपुस्तकांचा एक संच देऊ केला, वर 'मार्गदर्शके देणार नाही, त्याने मुले बिघडतात' अशी अटही घातली. बाबूजींच्या स्नेह्याने नव्या दुकानातून निरोप पाठविला, की खुर्च्यांचे आपल्याकडे लागले.

महानगरपालिकेला द्यायचा अर्ज सुनेने लिहिला. स्मारकाच्या नियोजित इमारतीतील एक मजला परिसरातील विद्यार्थिनींसाठी सायंकाळी पाच ते रात्री दहा या वेळेत अभ्यासिका म्हणून राखून ठेवावा, अशी विनंती. 'परिसरातील' या शब्दापुढे आणखी काही लिहावे की नाही, यावर घरात दोन दिवस काथ्याकूट झाला. लिहिले तर मुलींवर पुन्हा शिक्का बसेल. न लिहिले तर दूरच्या पेठांतील स्पर्धा परीक्षांचे उमेदवार येऊन जागा अडवतील. अखेर बाबूजींनी तोडगा सुचविला, की प्रवेश पत्त्यावर द्यावा: बुधवार पेठेचा पत्ता असणाऱ्या मुलींना आधी. सुनेने ते वाक्य घातले. मग बाबूजींनी मसुदा पुन्हा वाचला, 'विनामूल्य' हा शब्द खोडून 'दरमहा एक रुपया' असे लिहिले आणि समासात कारण दिले: पावती मिळेल, नाव नोंदले जाईल.

अर्जावर सतरा सह्या झाल्या. अठरावी सही हार विकणाऱ्या मावशींची. त्यांनी अंगठा उठवण्यास नकार दिला आणि नाव लिहायला पाच मिनिटे घेतली. अर्ज आवक विभागात दिला आहे, शिक्क्याची पोच दुकानाच्या लॉकरमध्ये आहे. उत्तर अद्याप यायचे आहे.